हिमोढावरची जमीन आणि जोतिबाचा उतार : मृदावर्णनाच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, कोल्हापूर

आज प्रकल्पाला रीतसर सुरुवात केली. हिमनदीने घडवलेल्या उतारांवर ज्या दगडगोट्यांच्या आणि चांगल्या निचऱ्याच्या जमिनी आढळतात, त्यांचे वर्णन आणि वर्गीकरण मराठीत नेमकेपणाने लिहिता यावे यासाठी एक वर्णनपत्रक तयार करायचे आहे. निमित्त असे की, पदवीच्या शेवटच्या वर्षातील दोन विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी जूनमध्ये एका अभ्यासगटासोबत हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात, चंद्रा नदीच्या खोऱ्यात जाणार आहेत आणि तिघांनीही आजवर ऊस उभा असलेल्या भारी काळ्या जमिनीखेरीज दुसरा मृदाछेद (जमिनीचे थर दाखवणारा उभा काप) जवळून पाहिलेला नाही.

कोल्हापुरात बसून हिमनदीच्या मातीचा अभ्यास करण्याचे प्रयोजन काय, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, वर्णनाची शिस्त शिकण्यासाठी दगडगोट्यांच्या जमिनीसारखी कठोर परीक्षा नाही आणि दगडगोट्यांच्या जमिनी आपल्याकडे पन्हाळा-जोतिबाच्या उतारांवर हव्या तेवढ्या आहेत. त्या बर्फाने घडवलेल्या नाहीत, हा फरक पत्रकात दिसला पाहिजे. किंबहुना तो दिसतो की नाही, यावरच पत्रकाची परीक्षा होईल.

११ जानेवारी

दिवसभर शब्दांवर काम केले. शालेय भूगोलात ‘हिमोढ’ हा शब्द हिमनदीने आणून टाकलेल्या मालाच्या ढिगासाठी, म्हणजे भूरूपासाठीही वापरला जातो आणि त्यातील मालासाठीही. मृदावर्णनात एवढे पुरत नाही. बर्फाने थेट आणून टाकलेला माल आणि बर्फ वितळल्यावर पाण्याने वाहून नेऊन पसरलेला माल यांपासून बनणाऱ्या जमिनी वेगळ्या असतात. विद्यार्थ्यांना मी असे सांगितले की बर्फ पाखडत नाही, पाणी पाखडते. बर्फाने टाकलेल्या मालात पिठासारख्या भुकटीपासून खोलीएवढ्या शिळेपर्यंत सारे एकत्र कालवलेले असते आणि त्यातील दगडांचे कोपरे थोडेसे झिजलेले, काही बाजू सपाट घासलेल्या आणि क्वचित ओरखडे उमटलेल्या असतात. वितळपाण्याच्या मालात मात्र वाळू आणि खडे यांचे वेगवेगळे थर लागलेले दिसतात, दगड गोल होतात आणि बारीक गाळ बहुतांशी पुढे निघून गेलेला असतो. पहिल्याला पत्रकात ‘टिल’ आणि दुसऱ्याला ‘वितळजलाचा गाळ’ म्हणायचे ठरले. टिलचेही दोन प्रकार नोंदवावे लागतील. बर्फाच्या तळाशी दाबून बसलेला टिल घट्ट असतो, तर बर्फ जागेवर वितळून सुटलेला टिल सैल असतो. निचऱ्याच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

आकारांची नावे ठरवताना बराच वाद झाला. २ ते ७५ मिलिमीटरपर्यंत खडे, ७५ ते २५० पर्यंत गोटे, २५० ते ६०० पर्यंत धोंडे आणि त्यापुढे शिळा, असे शेवटी ठरले. ‘खडी’ हा शब्द यंत्रावर फोडलेल्या दगडाची आठवण करून देतो म्हणून वगळला. ‘मुरूम’ हा शब्द घ्यावा की नाही, हे तूर्त बाजूला ठेवले आहे.

हिमनदी म्हणजे केवळ परप्रांतातली गोष्ट, असा समज राहू नये म्हणून चंद्रपूरजवळच्या इरई नदीकाठाचा उल्लेखही केला. तेथे चुनखडकाच्या पृष्ठभागावर प्राचीन हिमनदीचे ओरखडे आहेत आणि त्यावर तालचीर काळातील गोट्यांचा थर आहे. हा पुरावा सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या पायाखालचा बसाल्ट ओतला जाण्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्या गोट्यांचा आता खडक झालेला असल्यामुळे आपल्या पत्रकाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग नाही, पण एका विद्यार्थिनीने तो परिच्छेद वहीत उतरवून घेतला.

१९ जानेवारी

अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलेली तीन अधिकृत मृदावर्णने समोर ठेवून वाचली. तिन्ही मृदाश्रेणी (एकसारखा छेद असलेल्या जमिनींचे नाव दिलेले गट) त्या देशाच्या ईशान्य भागातल्या, हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या प्रदेशातल्या आहेत.

पहिली हिंकली. ही वितळजलाच्या गाळावर, एस्करच्या, म्हणजे बर्फाखालच्या प्रवाहांनी रचलेल्या लांबट, कण्यांवर आणि केम नावाच्या खडेवाळूच्या टेकड्यांवर आढळते. तिचे वर्गीकरण ‘सँडी-स्केलेटल, मिक्स्ड, मेसिक टिपिक उडॉर्थेन्ट्स’ असे दिले आहे. दुसरी चार्ल्टन. ही सैल टिलवर आढळते आणि तिचे कूळ, म्हणजे वर्गीकरणाच्या उतरंडीतील श्रेणीच्या लगेच वरची पायरी, ‘कोअर्स-लोमी, मिक्स्ड, सुपरअॅक्टिव्ह, मेसिक टिपिक डिस्ट्रुडेप्ट्स’ आहे. तिसरी पॅक्स्टन. ही घट्ट टिलवर असून तिच्या उपगटाच्या (कुळाच्या वरच्या पायरीच्या) नावात ‘ऑक्सिअॅक्विक’ हा शब्द येतो.

विद्यार्थ्यांना ही नावे मंत्रासारखी वाटली, म्हणून एक नाव उलगडून दाखवले. ‘उडॉर्थेन्ट्स’ हा शब्द शेवटून वाचायचा असतो. ‘एन्ट’ म्हणजे एन्टिसॉल, म्हणजे जिच्यात थरांची घडण अजून फारशी झालेली नाही अशी कोवळी जमीन. ‘ऑर्थ’ हा तिचा सर्वसामान्य उपवर्ग आणि ‘उड’ म्हणजे दमट हवामानात वर्षातील बहुतेक काळ ओल टिकणारी. ‘मेसिक’ म्हणजे मातीचे वार्षिक सरासरी तापमान ८ ते १५ अंश सेल्सिअस आणि उन्हाळा-हिवाळ्यात किमान ६ अंशांचा फरक. ‘सँडी-स्केलेटल’ म्हणजे दगडांचा वाटा घनफळाने ३५ टक्के किंवा अधिक आणि मधली माती वाळूची. यातला ‘घनफळाने’ हा शब्द मी फळ्यावर अधोरेखित केला होता. पुढे मीच तो विसरलो, त्याची नोंद खाली येईल.

निचऱ्याची चर्चा सर्वांत लांबली. हिंकली ‘अति निचऱ्याची’ म्हणून नोंदवलेली आहे, तर चार्ल्टन आणि पॅक्स्टन दोन्ही ‘चांगल्या निचऱ्याच्या’ आहेत. पॅक्स्टनमध्ये साधारण ५० ते १०० सेंटिमीटर खोलीवर घट्ट टिल लागतो, पाणी त्यावर काही काळ तुंबते आणि उताराच्या दिशेने सरकत जाते. तरीही तिला चांगल्या निचऱ्याची म्हटले आहे, कारण मुळांच्या मुख्य थरात पाणी पिकाच्या वाढीच्या हंगामात फार काळ थांबत नाही. काही काळ ते १०० सेंटिमीटरच्या आत साचते, ही गोष्ट उपगटाच्या नावातील त्या ‘ऑक्सिअॅक्विक’ शब्दाने वेगळी नोंदवलेली आहे. निचऱ्याचा दर्जा एका जागी आणि संपृक्ततेचे दिवस दुसऱ्या जागी, ही विभागणी मला फार आवडली.

२ फेब्रुवारी

जोतिबाच्या डोंगराच्या पूर्व उतारावर, एका शेतकऱ्यांच्या पडीक वरकस तुकड्यात त्यांच्या परवानगीने सरावाचा खड्डा घेतला. उतार सुमारे १८ टक्के. पहार, कुदळ आणि दोन घमेली एवढ्यावर काम भागले, मात्र ४० सेंटिमीटरच्या खाली कुदळीचा आवाज बदलला आणि वेग निम्म्यावर आला.

छेदाचे वर्णन असे. शून्य ते १५ सेंटिमीटर : गर्द तांबूस तपकिरी, ओली असताना मन्सेल रंगतक्त्यानुसार ५ वाय-आर ३/३, दाणेदार घडण, बारीक मुळे भरपूर. १५ ते ४२ सेंटिमीटर : ५ वाय-आर ३/४, मध्यम ठोकळेदार घडण, खडे पुष्कळ, टोकदार. ४२ सेंटिमीटरच्या खाली : कुजलेला बसाल्ट, कुदळीने सुटतो, मुळे फक्त भेगांमधून उतरलेली.

खडे मोजताना विद्यार्थ्याने सगळ्यांना मिळून ‘मुरूम’ लिहिले. बांधावर बसलेले शेतकरी आबा ते ऐकत होते. ते म्हणाले, “ह्यो समदा मुरूम न्हवं सर. वरचं गोटं डोंगरावरनं घसरून आल्यालं, खालचा मुरूम हितलाच.” मी खड्ड्यात उतरून पुन्हा पाहिले. खरोखरच, मधल्या थरात दोन वेगळ्या जातींचे तुकडे होते. काही निळसर काळे, टणक, धारदार कडांचे होते. बाकीचे पिवळट तपकिरी होते आणि नखाने खरवडले तर त्यांची पूड होत होती. आम्ही दोन तास त्यांना एकाच रकान्यात टाकत होतो.

आणखी एक सावधगिरीची सूचना लिहून ठेवतो. कुजलेल्या बसाल्टातून काही गोल गाभेही निघाले, ज्यांच्यावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. लाहौलमध्ये गोल दगड दिसला तर वितळजलाचा विचार करावा, असे मी शिकवले होते. येथे गोलाई पाण्याने आलेली नाही, ती दगड जागच्या जागी कुजल्यामुळे आली आहे. म्हणून पत्रकात दगडाच्या आकाराशेजारी त्याच्या पृष्ठभागाचाही रकाना हवा : गुळगुळीत, घासलेला, ओरखडलेला की पापुद्र्याचा.

९ फेब्रुवारी

काल लक्ष्मीपुरीतून पातळ प्लास्टिक आणून त्याच खड्ड्याच्या बाजूला २५ ते ४२ सेंटिमीटरच्या थरात एक लहान पोकळी खणली. तीत प्लास्टिक अंथरून मापाने पाणी ओतले आणि पोकळीचे घनफळ मोजले : ५.८५ लिटर. निघालेली सर्व माती हवेत वाळवून आज चाळली. एकूण १० किलोपैकी ५.२ किलो माल २ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिला.

विद्यार्थिनीने ५२ टक्के खडे असे लिहिले. ३५ च्या वरचा आकडा दिसल्याबरोबर मी पत्रकावर ‘लोमी-स्केलेटल’ (तेवढेच दगड, पण मधली माती वाळूऐवजी पोयट्याची) लिहून सहीसुद्धा केली. अर्ध्या तासाने तिनेच विचारले, “सर, हे वजनाने झालं ना?” चूक माझी होती, सही खोडली.

मग खडे पाण्यात बुडवून त्यांनी बाजूला सारलेले पाणी मोजले. ते २ लिटर भरले, म्हणजे पोकळीच्या घनफळाचे ३४ टक्के. दगड मातीपेक्षा घट्ट असल्यामुळे वजनाचा निम्मा वाटा घनफळात एक तृतीयांशावर येतो, हे सूत्राने सांगण्यापेक्षा बादलीने सांगितलेले अधिक पटले. पण यात आणखी एक अडचण आहे. पोकळीत पाणी ओतताना चहाच्या कपभर पाण्याची, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटरची जरी चूक झाली असेल, तरी ३४ चे ३५ होतात आणि जमीन एका कुळातून दुसऱ्या कुळात जाते. यावरून पत्रकात कुळाच्या नावाआधी मोजलेला आकडा आणि मोजण्याची रीत लिहिणे सक्तीचे केले. नाव पुढे कोणीही बदलू शकेल, आकडा मात्र खड्डा बुजल्यावर परत मिळत नाही.

१६ फेब्रुवारी

आबांचे बोलणे डोक्यातून जात नव्हते, म्हणून चाळणीवर राहिलेले ५.२ किलो खडे रात्रभर पाण्यात भिजत ठेवले होते. आज एकेक तुकडा हातांनी दाबून पाहिला. जो हातांनी फुटला तो एका ताटात आणि जो फुटला नाही तो दुसऱ्या ताटात. टणक तुकडे २.९ किलो निघाले, बाकीचे २.३ किलो मऊ होते. टणक तुकड्यांनी १.०४ लिटर पाणी सारले, म्हणजे घनफळाने सुमारे १८ टक्के.

वर्गीकरणाच्या नियमात ‘दगड’ म्हणजे २ मिलिमीटरहून मोठा आणि पक्का सांधलेला तुकडा. कुजून मऊ झालेल्या खडकाचे तुकडे वेगळे धरले जातात आणि स्केलेटल कूळ ठरवताना ते मोजत नाहीत. त्यामागचे कारणही योग्य आहे. मऊ तुकड्यात पाणी शिरते, मुळाचे टोक शिरते आणि नांगराखाली त्याची माती होते. टणक ग्रॅनाइटचा गोटा जागा अडवतो आणि पाणी फारसे धरत नाही. हिमनदीच्या उतारावर हा प्रश्न सहसा एवढा तीव्र नसतो, कारण बर्फाने घासत आणलेल्या मालातील कच्चे तुकडे वाटेतच दळले जातात आणि टणक तेवढे उरतात. आपल्याकडे खडक जागच्या जागी कुजतो, त्यामुळे टणक आणि मऊ तुकडे एकाच घमेल्यात येतात.

एकाच थरासाठी आठ दिवसांत ५२, ३४ आणि १८ असे तीन आकडे झाले. तिन्ही मोजमापे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे होते. १५ ते ३५ टक्क्यांच्या पट्ट्यात पोताच्या नावाआधी ‘खडेयुक्त’ हे विशेषण लागते, ३५ ते ६० मध्ये ‘फार खडेयुक्त’, ६० ते ९० मध्ये ‘अतिखडेयुक्त’. आपला थर खडेयुक्त ठरला. ‘मुरूम’ हा शब्द पत्रकात घ्यायचा हे आता ठरले, मात्र केवळ जागच्या जागी कुजलेल्या, हातांनी फुटणाऱ्या मालासाठी. आबांच्या बोलण्यातही तो याच अर्थाने होता.

२ मार्च

निचऱ्याचा रकाना भरण्यासाठी विद्यार्थ्याने खड्ड्याच्या तळाशी बादलीभर पाणी ओतून घड्याळ लावले. मी त्याला थांबवले नाही, पण तो आकडा निचऱ्याच्या रकान्यात लिहू दिला नाही. कोरड्या फेब्रुवारीअखेर भेगाळलेल्या मुरमात पाणी किती वेगाने जिरते, यावरून जुलैमध्ये मुळांच्या थरात ते किती दिवस थांबते हे कळत नाही.

त्याऐवजी रंग पाहिले. पाणी दीर्घकाळ साचले की मातीतील लोह विरघळून सरकते, जेथून ते जाते तेथे फिकट राखाडी डाग राहतात आणि जेथे थांबते तेथे गंजाचे ठिपके उमटतात. आमच्या छेदात मुरमाच्या सीमेपर्यंत असा एकही डाग आढळला नाही. मुरमाच्या भेगांच्या कडेला काळसर मॅंगनीजचा लेप होता, तो स्वतंत्र नोंदवला.

मग आबांना विचारले की पावसाळ्यात उघडीप मिळाल्यावर इथे वाफसा किती दिवसांनी येतो. दुसऱ्या दिवशी औत चालते, असे ते म्हणाले. ओढ्याकाठच्या त्यांच्या काळ्या रानात त्यासाठी आठवडा लागतो. वाफसा हा शब्द निचऱ्याच्या दर्जाच्या इतका जवळचा आहे की पत्रकात ‘उघडिपीनंतर वाफशाला लागणारे दिवस (स्थानिक माहिती)’ असा रकाना घातला. लाहौलमध्ये शेतीच्या तुकड्यांजवळ हाच प्रश्न बर्फ वितळल्यानंतरच्या दिवसांबाबत विचारायचा.

९ मार्च

मातीच्या पोताचा अहवाल आला : चिकणमाती २४ टक्के. अहवालात वाळूची खालची मर्यादा ०.०२ मिलिमीटर धरली आहे की ०.०५, हे लिहिलेले नव्हते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिली मर्यादा असते, अमेरिकी पद्धतीत दुसरी, आणि कोणती धरली त्यानुसार वाळू व गाळ यांचे आकडे बदलतात. विचारून घेतले, पत्रकात रकाना वाढवला.

२३ मार्च

आज जोतिबाच्या छेदाचे वर्गीकरण शक्य तेथपर्यंत नेले. मधल्या थरात घडण आणि रंग बदललेले आहेत, जाडी २७ सेंटिमीटर आहे, म्हणून तो कॅम्बिक (थोडी घडण झालेला) थर मानला आणि जमीन इन्सेप्टिसॉलमध्ये, म्हणजे एन्टिसॉलपेक्षा थोड्या अधिक घडलेल्या जमिनींच्या वर्गात गेली. पावसाळा संपल्यावर छेद साधारण वर्षात एकूण ९० दिवसांहून अधिक काळ कोरडा राहतो, म्हणून ‘अस्टिक’. उन्हाळा-हिवाळ्यातील मातीच्या तापमानाचा फरक ६ अंशांपेक्षा कमी आणि सरासरी २२ च्या वर, म्हणून ‘आयसोहायपरथर्मिक’. टणक खडक ५० सेंटिमीटरच्या आत नाही, मुरूम आहे, म्हणून ‘लिथिक’ लावता येत नाही, मात्र कुळात ‘उथळ’ हा शब्द येतो. पोताचे कूळ २५ सेंटिमीटरपासून मुरमाच्या सीमेपर्यंतच, म्हणजे केवळ १७ सेंटिमीटरच्या पट्ट्यात ठरते. खोल हिमोढात हाच पट्टा २५ ते १०० असतो. टिपिक हॅप्लुस्टेप्ट्स (साध्या, ‘अस्टिक’ इन्सेप्टिसॉल जमिनी), लोमी, उथळ, एवढे लिहून खनिजांचा रकाना मोकळा ठेवला, कारण ती तपासणी झालेली नाही.

५ एप्रिल

चैत्र यात्रेच्या गर्दीत डोंगरावर गाडी नेणे शक्य होणार नाही, म्हणून शेवटची फेरी आजच उरकली. खड्डा बुजवला, वरची माती वर राहील अशी काळजी घेतली. पत्रक आठ पानांचे झाले होते, ते दोन पानांवर आणले. आठ पानांचे पत्रक वाऱ्यात आणि थंडीत कोणी भरत नाही.

१९ जून

काल रात्री लाहौलहून पहिले भरलेले पत्रक फोनवर आले. पार्श्व (हिमनदीच्या कडेला साचलेल्या) हिमोढाच्या उतारावर ७० सेंटिमीटरपर्यंत खणता आले, पुढे शिळा लागली. दगड पत्रकात नीट वेगळे केलेले आहेत : टणक, कोपरे झिजलेले, त्यांतील चारांवर समांतर ओरखडे. घनफळाने ४५ टक्के, पोकळीत पाणी भरून मोजलेले. मधली माती खडबडीत वाळूची. ५० सेंटिमीटर खोलीवरील तापमान वेळेसह लिहिलेले आहे, पण तापमानवर्गाचा रकाना रिकामा आहे आणि शेजारी ‘एका दिवसाच्या वाचनावरून वार्षिक सरासरी ठरत नाही’ असे पेन्सिलीने लिहिले आहे.

छायाचित्रात ३० सेंटिमीटरजवळ एक राखाडी पट्टा दिसत होता आणि तरी निचरा ‘चांगला’ असे नोंदवले होते. पट्ट्याच्या कडेला गंजाचे ठिपके आहेत का, तेवढे पाहून कळवा, असे मी लिहिले. आज दुपारी उत्तर आले. ठिपके नाहीत, पट्टा हाताला मैद्यासारखा मऊ लागतो आणि पूर्ण कोरडा आहे. बर्फाने दळलेल्या खडकाचे ते पीठ असून राखाडी रंग मूळ खडकाचा आहे, असे तिघांचे मत आहे. रंगाच्या रकान्यात ‘वारशाने आलेला की पाण्याने झालेला’ हा पर्याय पत्रकाच्या पुढच्या छपाईत घालायचा आहे.